लिफ्टमधल्या बाईचा आवाज

९ फेब्रुवारी, रविवार

शुक्रवारी दाखवणार! खालची शिलाईवाली जिना चढून सांगायला आली. धापा टाकत होती. "काका, काकूंचा भाग या शुक्रवारी, संध्याकाळी सात वाजता. विसराल हां!" म्हटलं, मी विसरेन? आणि ती गेल्यावर लगेच कागदावर लिहून टीव्हीला चिकटवलं. माझा मलाच भरवसा नाही.

हिने मालिकेत काम केलं त्याला दोन वर्षं होऊन गेली. शिलाईवाली त्या मालिकेतल्या नटांचे कपडे शिवते. ही दुपारची तिच्याकडे बटणं लावायला जाऊन बसायची. हात रिकामे ठेवणं हिला कधी जमलंच नाही. कपडे न्यायला आलेल्या माणसाने हिला तिथे पाहिलं. म्हणाला, "आजी, नुसतं स्टुलावर बसायचं आणि थोडंसं बोलायचं. जमेल?" ही म्हणाली, "बसायला मी घरी पण मोकळी आहे, पण तिथे कुणी बघत नाही!" झालं, गेली. काय बोलायचं ते मला म्हणून दाखवलं नाही. "तुम्ही हसाल." हसलोही असतो.

मग मालिका कशात तरी अडकली. मग ही आजारी पडली. घशाचं दुखणं. शेवटचे किती महिने आवाज नव्हताच, नुसता वारा. तोंडापाशी कान नेला तर काय हवं ते कळायचं. मागच्या वर्षी गेली.

एक गोष्ट इथेच लिहितो, कुणाला सांगवत नाही. मला हिचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो. चालणं आठवतं, पायरीला चप्पल घासायची ते सुद्धा. पण आवाज आठवायला गेलं की तो वाराच येतो. आधीचा, धडधाकट होती तेव्हाचा आवाज पार पुसून गेलाय. फोटो आहेत, पण ही बोलतेय असं काही म्हणजे काही नाही. घरच्या माणसाचा आवाज कोण धरून ठेवतो!

शुक्रवारी ऐकायला मिळेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

टीव्ही मधूनच बंद पडतो. दुरुस्तीवाला येऊन गेला. "काही झालेलं नाही आजोबा, फक्त वायर हलवू नका." मी कुठे हलवतो? नीट बसली आहे ना, एवढंच बघतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या वीज गेली तर?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्र बरीच झाली. तरी लिहितो.

शिलाईवाली वर आली होती माझ्या सोबतीला. माझी मुलगी तिच्या घरी बघत होती. मालिका एका इमारतीची आहे. भाडेकरू एकेक करून नाहीसे होतात आणि कोण नेतं ते कळत नाही. सगळीकडे अंधार. दिवा लावायचं कुणाच्या मनातच येत नाही! मग एक तरुण माणूस धावत येतो, लिफ्टचं बटण दाबतो. दार उघडतं. आत स्टुलावर ही!

हीच. केस पांढरे पसरलेले, घरी मी असे कधी पाहिले नाहीत. हात मांडीवर. स्टुलाला पॉलिश नव्हतं, कच्चं लाकूड. जन्मभर पॉलिशचं काम केलं, नजर जातेच. मी खुर्चीतून उठून टीव्हीपाशी गेलो. कान पुढे केला, सवयीने.

आणि ती बोलली. "किती दमलास रे. ये, बस. तुझी जागा धरून ठेवलीय."

हिचा आवाज नाही तो!

जाड, भरदार, खोल. हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा. कुणा भलत्याच बाईचा. ओठ हिचे हलतात आणि आवाज परका. शिलाईवालीनेच मला मागे सांगितलं होतं, या लोकांत एकाचं तोंड आणि दुसऱ्याचा आवाज, मागाहून चिकटवतात. मी ओरडलो, "हा हिचा नाही! चोरांनी आवाज काढून टाकला!" शिलाईवाली डोळे पुसत होती. माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "काका, चहा टाकू का?"

मुलीचा फोन आला. तिला रडू आवरत नव्हतं. "बाबा, आई..." एवढंच. मी म्हटलं, अगं पण आवाज बदलला ना मेल्यांनी! तिने नाक ओढलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवून घ्या."

नाही जेवलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मुलीने फोनवर दाखवलं होतं, मालिकेच्या खाली लोक काय काय लिहितात ते कुठे बघायचं. आज सकाळपासून तेच वाचतोय. डोळे दुखायला लागले.

सगळे हिच्याबद्दलच! "लिफ्टमधली आजी पाहिली आणि टाळूपर्यंत काटा आला." "मी आजपासून जिन्यानेच. सातवा मजला, पण जिना." एकीने लिहिलंय, "मेकअपवाल्याचे हात धरायला हवेत, कसली वाकडी बोटं केलीत!" अगं बाई, ती बोटं तिचीच. थंडीत सुजायची, मी तेल चोळून द्यायचो.

"थेरडी भयंकर आहे." हे वाचून फोन पालथा घातला. थोड्या वेळाने पुन्हा उचलला.

आणि सगळ्यात जास्त काय आवडलं लोकांना? आवाज! "तो आवाज अजून कानातून जात नाही." तो आवाज! एकाने लिहिलंय, "माझ्या आजीला दाखवलं तर ती म्हणाली, घाबरता काय, ही तर मायेनं बोलावतेय." बरोबर ओळखलंन म्हातारीने, पण माया कुणाची? भाडोत्री बाईची.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मीही लिहिलं. एका बोटाने, अख्खी दुपार गेली. लिहिलं ते असं: लिफ्टमधील बाई माझी पत्नी आहे. ती मागील वर्षी वारली. हा आवाज तिचा नव्हे. ज्या कोणाकडे तिचा खरा आवाज असेल त्याने कृपा करून द्यावा.

खाली माझं नाव घातलं नाही. उगीच कशाला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काय करून बसलो!

शेकड्याने उत्तरं आली आहेत. मला वाटलं कुणाला तरी पाझर फुटला. वाचायला लागलो तर — "वारली? मग लिफ्टमध्ये बसलंय कोण??" "मालिकावाल्यांनी कसलं डोकं लावलंय, जाहिरात अशी पाहिजे!" "आजोबा, पुढचा धागादोरा द्या ना." "म्हणजे बाई मेलेली, आवाज दुसऱ्याचा. भाडेकरूंना नेणारा तो आवाजच आहे! मी आधीच म्हटलं होतं."

मी पुन्हा लिहिलं, बाबांनो, हे खरं आहे. तर म्हणे, "हो हो आजोबा, खरं आहे!" आणि पुढे हसणारी तोंडं.

कशाला लिहायला गेलो मी! तिच्या मरणाचं कोडं झालं. आता लोक बसलेत ते सोडवत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कुणीतरी विचारलंय, "आजोबा, तुम्ही तरी जिवंत आहात ना?"

२० फेब्रुवारी, गुरुवार

मालिकेच्या कचेरीतून फोन. कुणी मुलगी होती, गोड बोलणारी. "प्रेक्षकांना आजी फार आवडल्यात, पुढच्या भागांत पण हव्यात. त्यांना फोन देता का?"

क्षणभर — लाज वाटते लिहायला — क्षणभर मी आतल्या खोलीकडे वळलो. हाक मारायला.

मग म्हटलं, ती नाही. गेली. मग ती हळूच म्हणते, "आजोबा, हे ते कमेंटमधलंच का?" माझा तोल सुटला. फोनवर काय काय बोललो ते आठवत नाही. ती पोर रडायलाच लागली. "चुकलं आजोबा, खरंच माहीत नव्हतं." तिला रडवून मला काय मिळालं? नंतर मीच तिला म्हटलं, राहू दे, डोळे पूस, पाणी पी. मग विचारलं, तिचा मूळचा आवाज तुमच्याकडे आहे का? म्हणाली, "ते साऊंडवाल्या दादांना ठाऊक. ते काही टाकून देत नाहीत."

काही टाकून देत नाहीत!

२२ फेब्रुवारी, शनिवार

शिलाईवालीला म्हटलं, मला साऊंडवाल्याकडे घेऊन चल, तुला जागा माहीत आहे. ती आढेवेढे घेते. "कशाला काका? एवढा जिना, एवढी धूळ. असेल नसेल." मी म्हटलं, नसेल तर नाही म्हणेल, मारणार तर नाही! ती मशीनवरून मानच वर काढेना. दोरा तुटला नव्हता तरी ओवत बसली. शेवटी म्हणाली, "मंगळवारी जाऊ."

मुलीलाही सांगितलं. तीही तसंच. "बाबा, राहू द्या ना आता. त्रास करून घेऊ नका." सगळ्यांना माझा त्रासच दिसतो. मला काय हवंय ते कुणाला दिसत नाही. एक वाक्य! हिच्या आवाजात एक वाक्य. मग वाटेल तितका गप्प बसेन.

२४ फेब्रुवारी, सोमवार

उद्या. धुतलेला सदरा काढून ठेवला. डाव्या कानाने कमी येतं, तेव्हा उजव्या बाजूला बसायचं. तो म्हणाला, पुसून टाकला, तर? तो म्हणाला, आहे, आणि स्पीकरच्या खोक्यातून नुसता तो वाराच आला, तर? नाही, तेव्हा ती बरी होती. खणखणीत होती. बारीक, गोड आवाज असणार. कसा होता ते ऐकलं की झटकन आठवेल. असं होतं ना, हरवलेला माणूस समोर आला की आपण म्हणतो, अरे, हाच की!

शिलाईवालीला सकाळी दोनदा विचारलं, नक्की ना? "नक्की हो काका," म्हणाली, पण तोंड उतरलेलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

साऊंडवाला भला माणूस. खुर्ची दिली, उजव्या बाजूला बसवलं. मी सगळं सांगितलं. तो गोंधळून शिलाईवालीकडे बघायला लागला. तिने मान खाली घातली. मग म्हणाला, "आजोबा, आम्ही आवाज बदललेला नाही. आजींचाच आहे तो. इतका छान लागला होता की दुसरं कुणी आणायचं आमच्या मनातही आलं नाही."

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मी पहिल्याच शब्दाला ओळखला होता."

घरी येऊन फोनवर तोच भाग लावलाय. पुन्हा पुन्हा ऐकतोय. अजून ओळख पटत नाही.