मोकळा पट्टा

९ मार्च

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मी बरा आहे आणि वेळेवर जेवतो, असं आईला सांगा. ‘वेळेवर’ जरा वाढवून लिहिलंय. तुमचा गुडघा कसा आहे?

सध्या डोंगरातल्या एका वस्तीवर असतो. काम ऐकून तुम्ही चष्मा काढून ठेवाल. एका छपरावरचं इंटरनेट अँटेना लावून दुसऱ्या छपरावर पोचवायचं, तिथून तिसऱ्यावर; शेवटचं छप्पर नर्सबाईंच्या दवाखान्याचं. परवाना नाही. म्हणजे लागतच नाही, रेडिओ-लहरींचा हा पट्टा सरकारनेच सगळ्यांसाठी मोकळा सोडलाय. तुमची सगळी नोकरी चोरटे रेडिओवाले पकडण्यात गेली, हे माझ्यासोबत अँटेना चढवणाऱ्या मिस्त्रीला सांगितलं तर ‘दिव्याखाली अंधार’ म्हणून तो असा हसला की हातातला पाना सुटून कोंबड्यांच्या खुराड्यात पडला. अजून तिथंच आहे. कोंबडी अंड्यांवर बसलीय, हात घालू देत नाही.

तर फजिती सांगत होतो. समोरच्या टेकडीवर दुसऱ्या एका टोळीनं आमच्याच लहरीवर अँटेना लावला. आमचं अडखळायला लागलं, म्हणून मी शक्ती वाढवली. त्यांनीही वाढवली. मग ना आमचं चाले, ना त्यांचं. शेवटी मिस्त्री दरी उतरून त्यांच्याकडे चहाला जाऊन बसला. दोघांनी शक्ती कमी केली, आम्ही थोडं बाजूच्या लहरीवर सरकलो, आता दोन्ही चालतात. मोकळ्या पट्ट्याचा नियमच तो: हळू बोलायचं, शेजाऱ्याचं सोसायचं. हे वाचताना आई तुमच्याकडे का बघतेय, ते मला ठाऊक आहे.

आता मुद्द्याचं. हा पट्टा लिलावात काढायचं घाटतंय. कुणी विकत घेतला की आमचे अँटेना उतरवावे लागतील. मध्यंतरी इथं एक बाळ जन्मताच निळं पडलं. नर्सबाईंनी ते पडद्यावर शहरातल्या डॉक्टरांना दाखवलं. ते सांगत गेले, बाई करत गेल्या. आता ते बाळ माझ्या टोपीची दोरी चावतं.

सुनावणी तुमच्या जुन्या ऑफिसात आहे, बावीस तारखेला. वस्तीनं बोलायला मला निवडलंय. दहावीला दोनदा बसलेल्या मला! साहेबांपुढे काय मांडायचं, कुठं गप्प राहायचं, हे तुम्हाला कळतं. तुम्ही लिलावाच्या बाजूचे असाल कदाचित. “ज्याला मालक नाही त्याची वाट लागते,” हे तुमचंच वाक्य. तसं असेल तर तेही समजावून सांगा. आमची यंत्रंसुद्धा आधी ऐकतात, लहर मोकळी असेल तरच बोलतात. मलाही जमेल.

बस पहाटे पोचते, सुनावणी अकराला. मधला वेळ स्टँडवर काढायची सवय आहे मला. पण खिडकीजवळची माझी खाट अजून असली, आणि तिच्यावर तुमची वर्तमानपत्रं रचलेली नसली, तर तेवढं कळवा.

आयुष्यात पहिल्यांदाच परवानगीची वाट बघणारा,
तुमचा भटक्या