तीनपाशी रेघ नव्हती

प्रिय अक्का,

तू गेलीस, तुझं पुण्यानुमोदन झालं; त्यानंतर आज पहिल्यांदा वर्गावर गेले. अकरावीला नेमका तोच भाग निघाला, आलेख ज्यांच्या कडेनं वर-खाली पळत सुटतो त्या उभ्या अनंतस्पर्शी रेषांचा. फळ्यावर अक्ष काढले आणि खडू खाली ठेवला. बाकीचं उद्या म्हटलं आणि घरी आले. दुसऱ्या कुणाला सांगू गं हे?

मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तुला माहेरी पणदऱ्याला आणून सोडलं, तेव्हा तू तिशीला टेकली होतीस. लेकीच्या दुसऱ्या लग्नासाठी तात्यांनी अंथुर्ण्याचा एक बिजवर बघून ठेवला. तू म्हणालीस, "मला शिकायचंय." आणि मी शिकवते त्याच कॉलेजात, बारामतीला, अकरावी सायन्सला येऊन बसलीस!

शेवटच्या बाकावरून तू मला "मॅडम" म्हणायचीस. पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. परतीच्या एसटीत मात्र मी पुन्हा तुझी धाकटी बहीण, छकुली.

तात्यांना गावाचं बोलणं सोसेना. "सहामाहीला गणितात नापास झाली तर अंथुर्ण्याला होकार कळवतो." तू शांतपणे म्हणालीस, "व्हय, कळवा." असं कुणी बोलतं का, अक्का? माझाच जीव टांगणीला लागला होता.

आणि अडलीस ती इथंच. अंशात x² − x − 6, छेदात x² − 9. "छेद शून्य झाला की उभी रेघ, असं तूच शिकवलंस. मग तीनपाशी रेघ का न्हाय?" मी दमले होते; म्हटलं, पाठ कर. तू ऐकतेस होय! गोठ्याच्या ओट्यावर आलेखाचा कागद मांडून तीनच्या अलीकडच्या-पलीकडच्या किमती काढत बसलीस. मग ओरडलीस, "अगं, हितं आलेख निवांत चाललाय. वर पळतच न्हाय!"

मग मी शेजारी बसले. आधी अवयव पाड. x − 3 वरही आहे, खालीही आहे, तो जातो. तीनपाशी नुसता एक बिंदू गळतो. छेदात उरतं x + 3. आलेख पळतो तो उणे तीनपाशीच.

सहामाहीत तसंच गणित आलं. तू पास झालीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या सायकल काढून म्हणाले, "चल, यष्टी चुकंल."

बारावीत तुला कावीळ झाली. डोळे पिवळे दिसत असताना "नुसती कणकण हाय" म्हणत राहिलीस. का लपवलंस गं? परीक्षा बुडेल म्हणून? आम्ही दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

थकलेय, अक्का. सुट्टी वाढवून घ्यावी असं वाटत होतं. पण आज संध्याकाळी तात्या बाहेरून आले आणि चपला न काढताच बोलले, "वरच्या आळीची शेवंता सासरहून माघारी आलीय. तिच्या बापाला सांगून आलोय, पोरीला शिकव म्हणून. सोमवारी तिला तुझ्यासंगं ने."

नेते. तिच्या शेजारी बसून शिकवीन, आणि कितीही दमले तरी 'पाठ कर' म्हणणार नाही.

जय भीम.

तुझीच,
छकुली