बाथरूममधलं हँडल

दादा,

फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी. बाबा सकाळी बाथरूममध्ये घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलंय. मी त्यांचे कपडे न्यायला घरी आले होते, परत हॉस्पिटलात चाललेय.

ते पडतील, असं मी कधीची म्हणत होते. तू म्हणालास, झालं हिचं सुरू, जा तुझ्या समुपदेशक मॅडमकडे. त्यांनी शिकवलं, भीती वाटली की दोन्ही बाजूंचा पुरावा बघायचा. मी इमानेइतबारे बघितला. एका बाजूला गुळगुळीत फरशी आणि बाबांचे लटपटते पाय. दुसऱ्या बाजूला फक्त तुझा दर आठवड्याचा शब्द, की या रविवारी भिंतीला हँडल बसवतोच. तेवढ्यावर मी निर्धास्त झाले.

आता मनात येतंय, दादाच्या कुठल्याच शब्दाला अर्थ नसतो. मॅडम म्हणतील, एकदम असा शिक्का मारू नकोस, आधी पुरावा बघ. म्हणून निघताना माळ्यावर बघितलं. हँडलच्या खोक्याची चिकटपट्टीसुद्धा तू काढलेली नाहीस.

जेवण झाकून ठेवलंय. बाथरूममध्ये जपून जा. फरशी अजून ओली आहे, आणि धरायला काही नाही.

छोटी