लुर्देसचा हुकलेला चमत्कार

हेन्डरसन, रविवार

अहो, सप्रेम नमस्कार.

गुडघा आता मुळीच दुखत नाही. काल मी चालत जाऊन कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणलं.

शेजारच्या लुर्देसने माझ्यासाठी त्यांच्या चर्चच्या एका दिवंगत ननला रोज साकडं घातलं होतं. त्या ननला संत ठरवायला चमत्कार लागतो, आणि औषधाने गुण आलेला नाही असं डॉक्टरांनी सांगावं लागतं. लुर्देस माझे रिपोर्ट मागायला आली, तेव्हा मी कबूल केलं, की तुम्ही बॅगेत कोंबलेला काढा मी महिनाभर घेतेय. बिचारी हसत म्हणाली, "मग हा बाद!"

फोनवर तुमचा आवाज दमलेला वाटला. बीपीची गोळी घेता ना?

तीस वर्षं तुमचा काढा मोरीत ओतणारी मी इथे तो आपणहून प्यायले, हा चमत्कार तुम्ही तरी धरा.

तुमचीच,
कुमुद