लोखंडापुढे हिऱ्याची टिप

नंदुरबार, १२ फेब्रुवारी, संध्याकाळ

सुरतेत हिरे घासणाऱ्या मेव्हण्याने आणलेली, हिऱ्याचा लेप असलेली, धातू कातायची टिप आज लेथला लावली. मिरची दळायच्या चक्कीच्या तीन अॅल्युमिनियमच्या पुल्या टर्न केल्या, म्हणजे फिरवत कातल्या, कोरड्याच. कातताना धातू थंड ठेवायला ओततात त्या कुलंटच्या बाटलीकडे माझा हात सवयीने सारखा जायचा आणि मी तो मागे घ्यायचो. निघालेली चिप, धातूची ती साल, चांदीसारखी लखलखीत, हातात घेतली तर जेमतेम कोमट. वेडच लागलं मला.

मग हाव सुटली. लोखंडाचा शाफ्टही कोरडाच होईल की! पहिल्याच फेरीत टिपेची धार गेली.

आणि मी काय करावं? मेव्हण्याला फोन करून सांगितलं, टिप नकली आहे. त्याने विचारलं, "दाजी, लोखंडवर चालाडी का?" मी म्हणालो, नाही. चक्क खोटं. उद्या तो बिचारा दुकानदाराशी भांडायला जाणार.

पण एवढा कठीण हिरा साध्या लोखंडापुढे हरतो कसा? दुपारपासून हेच डोक्यात. त्याला विचारायचं तर आधी खोटं कबूल करणं आलं. ती कुलंटची बाटली उगाच हलवत बसलो. शेवटी लावला फोन आणि खरं काय ते सांगून टाकलं.

तो हसतच सुटला. "दाजी, तापनं का लोखंड हिराले खाई जास. आम्ही हिरा घासतस ते चाक कशानं ऱ्हास?"

लोखंडाचं! मागच्या वर्षी त्याच्या कारखान्यात त्यावरून मीच बोट फिरवलं होतं, आणि तेव्हा काहीच विचारलं नव्हतं.