जॅक्सनची वाढीव बॅटरी

भुईगाव, वसई
२१ जानेवारी

चिरंजीव जॅक्सन यास,

तुझ्या ॲन्सेल्म भावजींचे आशीर्वाद. ('चिरंजीव' हा शब्द मी आजवर रिवाज म्हणून लिहीत आलो, या खेपेला अर्थासकट लिहिला आहे.) तुझी प्रकृती कशी आहे? हाही प्रश्न रिवाज म्हणून नाही. गावात तुझ्या प्रकृतीविषयी इतकी पक्की बातमी फिरते आहे की एकदा तुझ्याकडूनच खात्री करून घ्यावी म्हणतो. इकडे क्लाराचे गुडघे बरे आहेत, माझा रक्तदाब गोळीवर आहे, शर्ली नवऱ्याबरोबर सुखात आहे आणि आई (तुझी आई, म्हणजे माझ्या सासूबाई रोझमेरी, वय त्र्याऐंशी, नऊ वर्षं मुक्काम आमच्याकडे) खुशाल आहेत. खरं सांगायचं तर गेल्या आठवड्यापासून जरा जास्तच खुशाल आहेत.

तुझा मेसेज मिळाला. तू दोन प्रश्न विचारलेस. एक, भाचीच्या लग्नाचा ड्रोनवरून काढलेला व्हिडिओ अजून का आला नाही. दोन, शेजारच्या रोवेनाने कॅनडात नताशाला 'देव तुला हे दुःख सोसायचं बळ देवो' असं का लिहिलं. दोन्हींचं उत्तर एकच आहे, बॅटरी. फोनवर सांगायला गेलो की तू 'नंतर करतो' म्हणतोस, म्हणून लिहून पाठवतोय. कागदाला नंतर म्हणता येत नाही.

तर पहिल्यापासून सांगतो. दोन वर्षांपूर्वी नाताळला येणार म्हणालास आणि तुझ्याऐवजी ड्रोन आला. चांगला होता, खोटं कशाला बोलू. वजन दोनशे एकोणपन्नास ग्रॅम, म्हणजे कायद्याच्या हिशेबी खेळण्याहून थोडा मोठा आणि परवान्याच्या भानगडीहून थोडा लहान. त्याची स्वतःची बॅटरी अर्धा तास चालायची आणि मी, चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, रिकामपणी वाडीतल्या केळींवरून तो फिरवत बसायचो. पण यंदा शर्लीच्या लग्नालाही तुला जमेना (काम होतं, नंतर तिकीट नव्हतं, मग तिकीट होतं तर रजा नव्हती), तेव्हा तू लिहिलंस की सगळं वरून थेट दाखवा, मधे थांबायला नको, त्यासाठी दीडपट क्षमतेची वाढीव बॅटरी मागवली आहे. तू टोरोंटोत बसून बटण दाबलंस आणि ती कामणच्या कुठल्याशा गोदामात येऊन चार दिवस पडून राहिली. मी रिक्षा करून आणली असती, पण तिला आणण्याचा मान कुरिअरवाल्याचा.

आपल्या वसई-विरारात 'वाढीव' म्हटलं की माणूस आधी हरखतो, नोटीस मागून येते. वाढीव मजला, वाढीव गॅलरी, वाढीव पाणीपट्टी, सगळ्यांचं तेच. ही बॅटरी त्याच घराण्यातली. खोक्यावर कंपनीचं नाव नव्हतं, वाघाचं चित्र मात्र होतं. क्लाराच्या केकच्या काट्यावर ड्रोन ठेवला तर दोनशे ब्याण्णव ग्रॅम भरला, म्हणजे तुझ्या भेटीने मी एका दुपारीत कायद्याबाहेर गेलो. खाचेत बसताना मूळ बॅटरी कट्‌ आवाज करायची, ही बसली की नुसती टेकायची, म्हणून क्लाराच्या केसांचं रबर लावलं. मोबाइलवर सूचना आली की ही बॅटरी ओळखता येत नाही. खाली एकच बटण होतं, 'समजले'. मी 'समजलं का' विचारल्यावर आठवीतली मुलं जशी मान हलवायची, तसं मी ते दाबलं. समुद्रावर नेऊन दहा मिनिटं उडवून पाहिला. आकडा नव्याण्णववरून हलला नाही. विज्ञान शिकवणाऱ्याला इथेच शंका यायला हवी होती. मला अभिमान वाटला.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायला बायका बँड लावून विहिरीवर गेल्या. पुढे आई, हातात कळशी, नवं लुगडं, मागे गाणी म्हणणाऱ्या चाळीसेक बायका, आणि वर ड्रोन. आईला मी समजावलं होतं की यातून जॅक्सन सगळं पाहणार. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की घरात त्या यंत्राला जॅक्सनच म्हणायला लागल्या. जॅक्सन चार्ज झाला का, जॅक्सनला उन्हात ठेवू नका, अशी भाषा. विहिरीजवळ आल्यावर त्यांनी बायकांना थांबवलं, आभाळाकडे बोट केलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "नीट गा गं. माझा जॅक्सन वरून बघतोय."

आता मला सांग, मराठीत कोण वरून बघतं? मागच्या रांगेतल्या बायका, ज्यांना ड्रोन-बिन काही ठाऊक नव्हतं, त्या गाता गाता थांबल्या. दोघींनी कपाळावर क्रूस केला. मला ते दिसलं, पण माझं लक्ष आकड्यावर होतं. एक्क्याऐंशी टक्के होते. मी समाधानाने मान वर केली, मान खाली केली, तर शून्य. ऐंशी नाही, साठ नाही, एकदम शून्य. माझ्या वर्गातही असा एकच मुलगा होता, जो सहामाहीपर्यंत पहिला होता आणि वार्षिकला आलाच नाही. ड्रोन आंब्याच्या फांदीला आपटला, गरगरला आणि थेट विहिरीत. क्लारा ओरडली, "जॅक्सन गेला!" आई कठड्यावर बसल्या आणि रडायला लागल्या.

रोवेना तेव्हा बँडच्या मागे होती. तिने विहीर पाहिली नाही, ड्रोन पाहिला नाही. तिने एवढंच ऐकलं की जॅक्सन वरून बघतोय, नंतर ऐकलं की जॅक्सन गेला, आणि पाहिली रडणारी आई. तिने कोणाला तरी विचारलं, काय झालं गं, कशाने? तर तिला उत्तर मिळालं की बॅटरी अचानक बंद पडली. (खरंच होतं.) बॅटरी होती त्याला? होती, गेल्याच महिन्यात नवी बसवली. मग बंद कशी पडली? ओरिजिनल नव्हती ना, बाहेरची घेतली. झालं. आपल्याकडे हृदयाला मशीन बसवतात त्यालाही लोक बॅटरीच म्हणतात. आम्ही पाण्याची कळशी घेऊन घरी पोचेपर्यंत पॅरिशच्या ग्रुपवर तू वारला होतास, आणि वर हळहळ चालली होती की परदेशात राहून एवढा कमावता माणूस, स्वतःच्या छातीत दुय्यम दर्जाची बॅटरी कशी बसवून घेतो. कुणी लिहिलं, बायकोने तरी लक्ष द्यायचं. नताशाला सांग मी तिची बाजू घेतली आहे, पण माझं कोणी ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मिस्सेत कुटुंबातल्या मृतांसाठी प्रार्थना झाली. माझे वडील, माझी आई, तुझे नि क्लाराचे पप्पा, आणि चौथं नाव तुझं. कागद कोणी दिला हे फादरांनाही आठवत नाही. शर्लीने वेदीपाशी उभं राहून वळून माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. जेवणाच्या मांडवात मी पाहुण्यांना टेबलाटेबलावर सांगत फिरलो की जॅक्सन ठणठणीत आहे. लोक माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, सर, आम्ही समजू शकतो.

विहिरीतून ड्रोन गळ टाकून काढला. लोक सांगतात तसा तांदळाच्या डब्यात ठेवला (ते तांदूळ क्लारा आता कोणाला वाढावेत या विचारात आहे). बॅटरी मात्र फुगली. तळायच्या फुग्यांसाठी आंबवलेल्या पिठासारखी दर तासाला थोडी वर येत होती. घरात ठेवायची भीती वाटली म्हणून मी ती वाळूच्या बादलीत घालून वाडीच्या कोपऱ्यात ठेवली, आणि कोणी हात लावू नये म्हणून भोवती चार विटा रचल्या. संध्याकाळी पाहतो तर रोवेना विटांशी गुडघे टेकून बसलेली आणि वाळूत मेणबत्ती पेटलेली. अरे, फुगलेल्या बॅटरीवर मेणबत्ती! मी धावत गेलो, फुंकून विझवली आणि तिला दंडाला धरून उठवलं. आता गावात असं आहे की मेहुण्याचं नि माझं वाकडं होतं, ते मरणानंतरही सुटलं नाही.

तुला वाटेल आईने तरी लोकांना खरं सांगायचं. मीही हेच म्हटलं. त्या रोज संध्याकाळी ओटीवर बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाशी तुझ्याबद्दल बोलतात. तू फणसावरून पडलास ते, समुद्रात पोहून दोन वेळा घाबरवलंस ते, पहिल्या पगारात त्यांना छत्री आणलीस ते. लोक ऐकतात, आपलं काही सांगतात, चहा पिऊन जातात. परवा मी जरा रागानेच म्हणालो, आई, हे बरं नाही, तो जिवंत आहे. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की जिवंत होता तेव्हा नऊ वर्षांत त्याच्याबद्दल कोणी विचारायलाही आलं नव्हतं.

मला तुझा राग आला, जॅक्सन. दरवर्षी पुढच्या मे महिन्यात येतो म्हणतोस, आणि येतो तो कुरिअरवाला. स्वतःला यायला जमत नाही म्हणून बघण्याची मुदत तेवढी वाढवून मागतोस. विज्ञान शिक्षक म्हणून सांगतो, क्षमता वाढवली की आधी वजनच वाढतं. बाकी काही वाढेल याची खात्री नाही.

बाकी सर्व क्षेम. नताशाला आशीर्वाद, मुलांना गोड पापा (आजी कशी दिसते हे त्यांना ठाऊक असेल, असं धरून चालतो). मोठ्यांचं बोलणं मनावर घेऊ नये असा शिष्टाचार आहे. या वेळी घ्यावं ही विनंती.

तुझा,
ॲन्सेल्म भावजी

ता. क. ड्रोनची मूळ बॅटरी कपाटाच्या खणात होती, पूर्ण चार्ज केलेली. काल मी घड्याळ लावून घर ते विहीर ते घर चालून आलो, रोवेना नाचते तिथे थांबण्याचा वेळ धरून. बावीस मिनिटं लागली. वाढीव बॅटरीची गरजच नव्हती.

दुसरा ता. क. ड्रोनमधलं कार्ड पाण्यातून वाचलं आहे, सोबत पाठवतोय. शेवटी आईचा चेहरा मोठा मोठा होत जातो, तेवढा मात्र नीट पाहा. आणखी एक. थेट दाखवणं चालू होतं तेव्हा पाहणारे किती आहेत, हे माझ्या मोबाइलवर दिसत होतं. बॅटरी अठराव्या मिनिटाला गेली. तू चौथ्या मिनिटालाच गेला होतास. हे मी आईला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

तिसरा ता. क. बॅटरी पाठवू नकोस. तू 'जाऊन' महिना होईल म्हणून तुझी महिन्याची मिस्सा पुढच्या महिन्यात पंधरा तारखेला, सकाळी साडेसहाला लागली आहे. मी रद्द करायला पॅरिशच्या ऑफिसात निघालो होतो, तर आईने मला दारातून परत बोलावलं. म्हणाल्या, "राहू दे. भाचीच्या लग्नाला नाही आला. स्वतःच्या मिस्सेला तरी येईल."