बाई, त्या बॅजरच्या फिल्मबद्दल

बाई, तुम्हाला मराठी येत नव्हतं आणि तुम्हाला जाऊन आता वीसेक वर्षं होत आली, तेव्हा हे तुम्ही वाचाल अशी भीती नाही. भीती नाही म्हणूनच लिहायला बसलेय. इंग्रजीत लिहिलं असतं तर पुन्हा 'थँक यू सो मच'पासूनच सुरुवात झाली असती, कारण तुमच्यासमोर माझ्या तोंडून दुसरं काही निघायचंच नाही. 'बाई' हा एक शब्द मात्र तुम्हाला माहीत होता. आमच्याकडे शाळेत शिकवणारीला बाई म्हणतात असं मी सांगितलं होतं, आणि तुम्ही तीस वर्षं मुलांना बायॉलॉजी शिकवलेली, तुम्हाला ते फार आवडलं. माझं नाव मात्र तुमच्या जिभेला जड जायचं, म्हणून त्याचा पुढचा तुकडा तेवढा ठेवलात आणि बाकीचं टाकून दिलंत. मी तेही चालवून घेतलं.

मी कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोला आले ती २००१ साली, लग्न होऊन, नवऱ्याच्या व्हिसाला टाचलेली. नागपुरात झूलॉजीत एमएस्सी केलेलं, दोन वर्षं कॉलेजात तासिकेवर शिकवलेलं. इथे एच-फोर, म्हणजे बायकोचा व्हिसा, म्हटल्यावर एक डॉलर कमवायची परवानगी नाही. नवऱ्याच्या कंपनीत दर महिन्याला माणसं काढत होते. तो घरी आला की आधी मी त्याचा चेहरा बघायची, मग दार लावायची. शनिवारी मराठी लोकांचं पॉटलक असायचं. तिथे काकू-मावश्या अगदी गोड बोलायच्या, भाजीत काय घातलं ते विचारायच्या, आणि मग हळूच, "आडनाव काय गं तुझं?" मी सांगायची. आमच्या आडनावावरून आम्ही बौद्ध हे मराठी माणसाला लगेच कळतं, वेगळं सांगावं लागत नाही. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहायचं, फक्त पुढचं बोलणं आटपायचं. त्यामुळे लायब्ररीत तुमचं ते वन्यप्राण्यांवरचं व्याख्यान झाल्यावर तुम्ही माझ्याशी तासभर बोललात, काय शिकलीस, कशावर प्रबंध केलास ते विचारलंत, आणि आडनाव विचारलं नाहीत, याचं मला केवढं अप्रूप वाटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, अरे, बाईंनी आडनावच विचारलं नाही. मूर्ख होते मी.

तुम्हाला बॅजरची, त्या बिळात राहणाऱ्या बसक्या पट्टेवाल्या जनावराची, फिल्म करायची होती. गावाच्या दक्षिणेला, गाडीनं अर्ध्या तासावर, गवताच्या टेकड्या आहेत आणि तिथे एक मादी आहे हे तुम्ही दोन वर्षं हेरून ठेवलेलं. कॅमेरा तुमच्याकडे होता, ट्रायपॉड होता, टेप्सचा खोका होता. नव्हते ते गुडघे. खाली बसलात तर उठवायला माणूस लागायचा, आणि उभं राहिलं तर जनावर बिळातून डोकंही काढत नाही. पहिल्या सकाळी तुम्ही मला बीळ लांबून दाखवलंत आणि मी सहज गवतात उकिडवी बसले. तुम्ही बघतच राहिलात. अशी किती वेळ बसू शकतेस, म्हणालात. मी म्हटलं, दोन तास. आमच्या घरी भांडी घासायची, भाकरी थापायची, ज्वारी निवडायची, सगळं असंच बसून; त्यात कौतुक कसलं? पण तुम्ही गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा काढून माझ्या गळ्यात घातलात. त्या दिवसापासून तुम्ही गाडीत, कॉफीचा थर्मास घेऊन, आणि मी बिळापाशी. आठवड्यातून तीन दिवस, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत.

दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही मला वासाबद्दल बोललात. विसरला असाल तुम्ही, बोलणारा विसरतोच. गाडीत बसल्याबसल्या तुम्ही काच खाली केलीत आणि म्हणालात, तुझ्या कपड्यांना स्वयंपाकाचा वास येतो, जनावराचं नाक तिखट असतं, असं चालणार नाही. आमच्या वन-बेडरूममध्ये ओट्यासमोरच कोट टांगलेले. हिंग-मोहरीची फोडणी दिली की ती आठ दिवस कोटात राहायची. मी मान खाली घालून बसले. पुढच्या खेपेला तुम्ही एक खाकी जॅकेट आणलंत, तुमच्या नवऱ्याचं, तुमच्या गराजमध्ये वर्षानुवर्षं टांगलेलं. भेट म्हणून दिलंत, पण अट अशी की ते माझ्या घरी न्यायचं नाही. ते तुमच्या गाडीच्या डिकीतच राहील. मी यायचं, माझा कोट काढायचा, ते घालायचं, जाताना परत ठेवायचं. बाई, माझ्या आजीनं तिच्यासाठी वेगळा ठेवलेला कप पाहिला होता. मी कॅलिफोर्नियात येऊन वेगळं ठेवलेलं जॅकेट पाहिलं. तुमच्या मनात तसलं काही नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं, आणि बॅजरच्या नाकाबद्दल तुमचं खरंच होतं. त्याचाच जास्त राग येतो. पाच महिने मी शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी फोडणी दिली नाही, आणि नवऱ्यानं बिचाऱ्यानं दही-ब्रेड खाल्लं.

पण ती मे महिन्यातली सकाळ माझी आहे. ती तुम्ही मला दिलेली नाही आणि तुम्हाला ती घेताही येणार नाही. साडेसहा वाजलेत, गवत अजून ओलं आहे, आणि मी बिळापासून जेमतेम तीन हातांवर बसलेय. आधी माती उडते. मग तिचं बसकं, रुंद डोकं वर येतं, कपाळावरून नाकापर्यंत पांढरा पट्टा, पुढच्या पंजांना बोटाएवढाल्या नख्या. ती हवा हुंगते, सरळ माझ्याकडे बघते. माझ्या पोटऱ्यांना मुंग्या आल्यात, पण मी पापणी हलवत नाही. मला काय वाटलं कोण जाणे, मी अगदी ओठातल्या ओठात म्हटलं, "ये गं, ये बाहेर, मी काही करत नाही." आणि ती आली. मागोमाग तीन पिल्लं, लोळत, एकमेकांच्या अंगावर पडत. तिनं एकाला मानगुटीला धरून बाजूला ठेवलं आणि तिथेच उन्हात आडवी झाली, पिल्लं प्यायला लागली. अकरा मिनिटं मी ते शूट केलं. गाडीशी परत आले तेव्हा मला पाय टेकवत नव्हता आणि मी रडत होते. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तुम्ही ते बघितलंत आणि माझा हात धरून म्हणालात की अशी माणसं शिकवून तयार होत नाहीत, ती असावी लागतात. नागपुरातल्या एकाही सरांनी मला असं काही म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस काढले.

ऑक्टोबरमध्ये लायब्ररीच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. मी अबोली रंगाची साडी नेसून गेले होते, नवरा रविवारीही चालू असणारा लॅपटॉप बंद करून आला होता. तिसऱ्या रांगेत बसलो. पडदा उजळला आणि अक्षरं आली: चित्रण, संकलन, निवेदन, सगळ्यापुढे तुमचं एकटीचं नाव. माझं कुजबुजणं तुम्ही काढून टाकलेलं, त्यावर गिटार वाजत होती. शेवटी आभारांच्या यादीत, पार्किंगला जागा देणाऱ्या रँचवाल्याच्या खाली, एक ओळ होती: भारतातून आलेली माझी मदतनीस मैत्रीण. नाव नाही. पुढचा तुकडाही नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, तुमचे गुडघे असे, मग इतक्या जवळ तुम्ही पोहोचलात तरी कशा? वाटलं, आता सांगतील. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "पेशन्स."

एवढंच. हॉल हसला. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत.

गाडीत बसल्यावर नवऱ्यानं आधी काचा वर केल्या. मग म्हणाला, "नाव नाही तेच बरं झालं यार. तू एच-फोरवर आहेस. उद्या कुणी म्हणालं हिनं काम केलं, तर माझं पण सगळं कॅन्सल होईल." तो वाईट माणूस नाही, तुम्हाला माहीतच आहे, घाबरलेला होता. त्या हॉलमधल्या टाळ्यांत त्याला माझा अपमान दिसला नाही, इमिग्रेशन ऑफिसर दिसला. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय." मला हसू आलं आणि मग हुंदका आला. डिसेंबरात तुम्ही पुढच्या वर्षीचं विचारायला फोन केलात तेव्हा मी म्हटलं, बिझी आहे. दिवसभर घरात बसून भिंती मोजणारी बाई कशात बिझी असणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तरी तुम्ही का, म्हणून विचारलं नाहीत. ते विचारलं असतंत तर मी बोलले असते. नाही, खोटं कशाला सांगू, 'थँक यू'च म्हटलं असतं.

तुम्ही गेलात ते २००६ च्या वसंतात. लायब्ररीच्या बोर्डावर तुमचा फोटो होता, खाली फिल्मचं नाव. मी पुस्तकं परत केली आणि घरी आले.

पुढच्या वर्षी आमच्या ग्रीन कार्डाचे अर्ज गेले आणि मला वर्क परमिट मिळालं. कार्ड हातात आलं त्या दिवशी मी ते रात्रभर उशाखाली ठेवलं होतं. २००८ मध्ये टेकड्यांच्या पायथ्याच्या एका निसर्गकेंद्रात जागा निघाली, शाळेच्या मुलांना रानात फिरवून प्राण्यांची माहिती सांगायची. पगार नवऱ्याच्या मानानं काहीच नव्हता, पण बाई, ती माझी नोकरी होती, माझ्यासाठीच घडवल्यासारखी. मुलाखत घेणारी मुलगी माझ्यापेक्षा लहान होती. फील्डचा अनुभव काय, तिनं विचारलं. मी फिल्मचं नाव घेतलं. तिचा चेहरा खुलला. ती तर आम्ही दर वर्षी मुलांना दाखवतो, म्हणाली, म्हणजे तुम्ही त्यांच्या असिस्टंट होतात? मी म्हटलं, नाही, ती मी शूट केलीय. सगळी. तिनं मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं, अगदी प्रेमळपणे, म्हाताऱ्या माणसाच्या गोष्टी ऐकतात तसं. मग विचारलं, त्यांचं असं काही पत्र वगैरे आहे का तुमच्याकडे? मी म्हटलं, त्यांनी माझं पूर्ण नाव कधी विचारलंसुद्धा नाही. तिनं ते लिहून घेतलं नाही. आठवड्यानं पत्र आलं, दुसरं कुणीतरी निवडलं म्हणून. त्यानंतर मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स केला, जो इथे एच-फोरवर आलेल्या निम्म्या बायका करतात, आणि आज वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते. चांगलं चाललंय. बिळापाशी पुन्हा कधी बसले नाही; आता माझेही गुडघे कुरकुरतात.

इथवर लिहिलं तेच मी सगळ्यांना सांगत आलेय. नवऱ्याला, आईला, कुणी जवळची मैत्रीण झाली तर तिलाही. ऐकणारा प्रत्येक जण तुम्हाला दोन शिव्या घालतो आणि मला जरा बरं वाटतं.

पण त्यांनी माझं पूर्ण नाव कधी विचारलं नाही, हे खरं नाही. तुम्ही जाण्याआधी दोनेक आठवडे, दुपारी, मी पोळ्या लाटत होते आणि फोन वाजला. मी उचलेपर्यंत आन्सरिंग मशीननं घेतला आणि स्वयंपाकघरात तुमचा आवाज आला. मधेमधे दम लागत होता. तुम्ही म्हणालात, "मी फिल्मची नवी कॉपी करून घेतेय. त्यावर तुझं पूर्ण नाव टाकायचंय, आणि मला ते माहीत नाही याची लाज वाटते. फोन कर." फोन माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी कणकेचे हात घेऊन तशीच उभी राहिले. तीन वर्षांनी, बाई. तुमच्या आवाजावरून तुम्हाला काय झालंय ते मला कळलं होतं, आणि नाव दिलं की तुम्ही सुटाल हेही कळलं होतं. मला तुम्हाला सोडायचं नव्हतं. दोन दिवसांनी पुन्हा फोन आला, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, नुसता श्वास ऐकू आला. दोन्ही मेसेज मी पुसून टाकले. संध्याकाळी फोनवर आलेला नंबर बघून नवऱ्यानं विचारलं, कुणाचा फोन होता गं, आणि मी म्हटलं, राँग नंबर.